अप्पांचं उसनं जंगल

मी चालू शकतो, या एकाच गुणावर मला लातूरला खोली मिळाली. तसा भाडेकरू म्हणून मी काही वाईट नव्हतो. सरकारी नोकरी, एकटा जीव, खाण्यापिण्याची भानगड नाही. पण घरमालकांना यातलं काहीच ऐकून घ्यायचं नव्हतं. ते गादीवरून उठले, छत्री उचलली, कॅनव्हासचे बूट चढवले आणि "चला" म्हणाले. मला वाटलं, खोली दाखवायला नेताहेत. आम्ही बोळातून बाहेर पडलो, बाजारपेठेची गोलाई ओलांडली, वस्ती मागं पडली, रस्त्याच्या कडेचे कडुलिंबही संपले, तरी खोली काही येईना. शेवटी एका बोडक्या माळावर ते थांबले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"दम लागला?" त्यांनी विचारलं. लागला म्हणालो.

"लागू द्या. बसला न्हाईत, हे बरं केलं. सामान घेऊन या."

परतताना त्यांनी अट सांगितली. भाडं महिन्याच्या महिन्याला, आणि वर्षातून एकदा चैत्रात त्यांच्यासोबत जंगलात चालायला यायचं. आधीच्या भाडेकरूनं गुडघ्याचं कारण सांगून दोन वर्षं टाळलं, म्हणून त्याची खोली मला मिळत होती. मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की हा माणूस गंमत करत नसतो.

सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. मार्केट यार्डात त्यांची आडत होती, करडई आणि तुरीची. मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली की माल कुठल्या शिवारातला ते सांगायचे, आणि निम्म्या वेळा ते चुकायचं. चुकलं की शेतकऱ्याला म्हणायचे, "मग तुमच्या शिवारात काहीतरी गडबड हाय." उंच, काटकुळा देह, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे. भेटणाऱ्याला 'कसं काय' असं त्यांनी कधी विचारलं नाही. "आज किती चाललात?" हाच प्रश्न. ज्याला उत्तर देता येत नसे, तो त्यांच्या लेखी आजारी. "गादीवर बसून बसून माणसाचं पोतं होतंय," असं ते म्हणायचे, आणि आजूबाजूच्या दुकानांतली चार-दोन पोती ऐकून न ऐकल्यासारखी करायची.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. एवढे साहेब आले होते की त्यांना बसवायला इमारती पुरत नव्हत्या. लोकांच्या घरांत कचेऱ्या भरत होत्या. आमचं कार्यालय एका जुन्या घराच्या माडीवर होतं. खाली घरमालकीण पापड लाटायची आणि वर आम्ही विकासाच्या योजना आखायचो. गावातला पाटीवाला रंगारी तेवढा सुखी होता. सगळ्यांनाच आनंद झाला होता, अप्पांनाही झाला. पण त्यांचा आनंद जेमतेम एक दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी ते जेवताजेवता म्हणाले, "जिल्हा झाला, पण जंगल कुठं हाय?"

ही गोष्ट तोवर कुणाच्या डोक्यात आली नव्हती. जिल्हा म्हटला की त्याला नदी हवी, डोंगर हवा, जंगल हवं, असं अप्पांचं साधं म्हणणं. नदी मांजरा होती, दुष्काळात का होईना पण नकाशावर होती. डोंगर म्हणावेत असे उंचवटे होते. जंगल मात्र नावालाही नाही. हा विचार त्यांना इतका लागला की एके दिवशी ते कोट घालून थेट आमच्या माडीवर आले आणि साहेबांपुढे बसले. त्यांची मागणी अशी की शेजारी नांदेड जिल्ह्यात किनवटकडे, हिमायतनगरकडे सागाचं जंगल पडलेलं आहे, ते नांदेडकरांना एकट्यांना काय करायचंय, त्यातलं थोडं आपण उसनं घ्यावं. मी फायलींच्या कपाटाआड जाऊन उभा राहिलो होतो. साहेब नवे होते, पुण्याकडचे होते. आपली थट्टा चालली आहे की हीच इकडची रीत आहे, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी चहा मागवला आणि जंगल उचलून आणता येत नाही, असं नम्रपणे सांगितलं.

"उचलायचं कशाला? तिथंच राहू द्या की. नुसतं आपलं म्हणा," अप्पा म्हणाले. "आणि परत देऊ. आम्ही आडतवाले हाव, दुसऱ्याचं ठेवून घेत न्हाई."

त्या दिवसापासून साहेब मला त्यांची खुशाली विचारू लागले.

या वेडाचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. दुकानाच्या माळ्यासाठी सागाच्या तुळया आणायला ते वडिलांबरोबर हिमायतनगरला गेले होते. त्याला ते शेवटपर्यंत वाढोणा म्हणत राहिले, जुन्या नावानं. वडील भाव करत बसले आणि हे झाडांत शिरले. चालत चालत आत गेले ते जंगलखात्याच्या एका चौकीशी पोचले. दगडी भिंती, वर पत्रे, पुढं पडवी, आणि खालच्या ओढ्यात वाळू उकरून केलेला झिरा. तिथलं पाणी पिऊन ते पडवीत झोपले आणि संध्याकाळी वडिलांचा मार खाऊन परत आले. एवढीच हकीकत. पण त्यानंतर दर चैत्रात, यार्डात मालाची गर्दी उसळलेली असताना, दुकान मुलाच्या हवाली करून हा माणूस त्या चौकीपर्यंत चालून यायचा. यात्रा असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. तिथं देऊळ नव्हतं, समाधी नव्हती, काहीच नव्हतं. त्यामुळं लोकांना ते वेड वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. अप्पा लिंगायत, आणि मी जंगमाच्या घरातला. लिंगायतांमध्ये पूजाविधी सांगणारं, दीक्षा देणारं घर जंगमाचं असतं. माझ्या आजोबांनी ते सगळं केलं; वडिलांनी मास्तरकी केली; मी कचेरीत जावक बारनिशी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंदवही, सांभाळत होतो. पण अप्पांच्या दृष्टीनं जंगम म्हणजे जंगम. ते मला 'अय्या' म्हणायचे आणि रोज सकाळी माझ्या पाया पडायचे. माझं वय तेविशीच्या आसपास, त्यांचं पासष्टीच्या पुढं. बरं, पडण्याची वेळ तरी कुठली? मी हातात टमरेल घेऊन परसाकडे निघालेलो असायचो. ते वाटेतच वाकायचे, "शरणार्थ, अय्या" म्हणायचे. मी एका हातानं आशीर्वाद द्यावा की दोन्ही हातांनी टमरेल लपवावं, हे मला त्या घरात राहून कधी ठरवता आलं नाही. एकदा मी चिडून म्हणालो की अप्पा, निदान मला आंघोळ तरी करू द्या. ते शांतपणे म्हणाले, "जंगम म्हणजे चालतं-बोलतं लिंग. त्याला कसला विटाळ?" मी मागच्या दारानं जायला लागलो, तर ते मागच्या दारी उभे.

त्यांच्या गळ्यात इष्टलिंग असायचं. लहानपणी गुरूनं बांधलेलं, चांदीच्या डबीत ठेवलेलं, शिवदाऱ्यात ओवून छातीशी घेतलेलं. ज्याचं त्याचं स्वतःचं, मरेपर्यंत अंगावरून दूर न करायचं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन ते त्याची पूजा करायचे, आणि त्याला पाणी मिळाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली थेंब उतरत नसे. माझ्याही गळ्यात आईनं सक्तीनं ठेवलेलं होतं. आंघोळीला बसलो की त्याच्यावर आपोआप पाणी पडायचं, तेवढीच माझी पूजा. अप्पांना ते ठाऊक होतं. ते त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण पाया पडणंही त्यांनी सोडलं नाही.

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. लातूरला नळ कधी यायचा ते नळालाच माहीत. टँकर आला की बोळात घागरींची रांग लागायची आणि त्या रांगेत आडतीचे मालक अप्पा स्वतः कळशी घेऊन उभे असायचे. गडी होते, सुना होत्या, पण पाण्याला दुसऱ्याला पाठवायचं नाही, असं त्यांचं होतं. आदल्या उन्हाळ्यात असेच उभे असताना ते रस्त्यात कोसळले होते. ऊन लागलं. दवाखान्यात सलाईन लावावी लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं की या वयात पुन्हा अंगातलं पाणी कमी झालं तर मी काही सांगू शकत नाही. दुसरा कुणी घरात बसून राहिला असता. अप्पांनी चैत्र लागताच बूट झटकले. त्यांच्यासोबतची माझी ती पहिलीच खेप होती.

अव्वा, म्हणजे त्यांची बायको, तिनं सगळे उपाय केले. मुलाला सांगून पाहिलं, रडून पाहिलं, बूट लपवून पाहिले. "या साली तर जायलाच पाहिजे," त्यांचं एकच. "झिरा जिता हाय का बघून येतो. तो आटला तर मी घाबरंन. तवर घाबरत न्हाई." सगळं लातूर आभाळाकडं बघत होतं आणि हा माणूस वाळूतलं एक भोक बघायला निघाला होता. पण ज्या साली माणसं घाबरायला कारण शोधत होती, त्या साली न घाबरायला कारण शोधणारा हा एकटाच होता, आणि मला त्यांचा पहिल्यांदा हेवा वाटला.

निघताना अव्वानं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. नवा शिवदारा त्यांच्या पिशवीत ठेवलाय, जुना झिजलाय, बदलायची आठवण करा, असं सांगितलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अय्या, ते दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाईत. उन्हात पाणी पाजत ऱ्हावा. जसं नेलं तसं मला परत आणून द्या." ती मला देवघरातल्या मूर्तीसारखं वागवायची, त्या दिवशी मुलाला सांगावं तसं बोलली. मी हो म्हणालो.

एस.टी.नं नांदेड, नांदेडहून हिमायतनगर, तिथं त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडं मुक्काम, आणि पहाटे उजाडायच्या आत चालायला सुरुवात. त्याआधी अप्पांनी अंगणात बसून पूजा केली, पाणी प्यायले, माझ्या पाया पडले. मी म्हटलं, शिवदारा बदलायचाय ना? चौकीवर जाऊन निवांत बदलतो म्हणाले.

जंगलात शिरल्यावर हा माणूस बदलला. त्यांचे नियम होते. उन्हं वर येईपर्यंत बोलायचं नाही. कुठल्याही वस्तूचा भाव काढायचा नाही. आयुष्यभर दिसेल त्याची किंमत करत आलेला माणूस, त्यामुळं ही शिक्षा खरी त्यांनी स्वतःलाच लावून घेतलेली होती. एक जुना, सरळसोट साग दिसला. अप्पा त्याच्याभोवती फिरले, बुंध्याला मिठी मारल्यासारखे हात लावले, त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मग त्यांनी स्वतःच्याच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "घनफूट काढत होतो," ते कबूल झाले. नियम मोडणाऱ्यानं पाण्याची छागल वाहायची असते, म्हणून ती त्यांनी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. मी नको नको म्हणत असताना घेतली.

चैत्रातलं सागाचं जंगल म्हणजे सावली नसलेलं जंगल. पानं सगळी खाली, उभी राहिलेली नुसती खोडं. वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर, पाऊल टाकलं की पापडासारखा मोडणारा. मोहाची फुलं सांडलेली, त्यांचा गोडसर वास. मध्येच अप्पा थांबले. छागलीचं बूच सैल झालं होतं, पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. त्या साली पाणी सांडताना बघणं म्हणजे काय, हे ज्यानं रांगेत उभं राहून पाहिलंय त्यालाच कळेल. त्यांनी घाईघाईनं पिशवी उघडली, हाताला लागला तो दोरा काढला आणि बुचावरून गच्च आवळून टाकला. तो अव्वानं दिलेला नवा शिवदारा होता. माझ्या ते लक्षात आलं, त्यांच्याही आलं असावं. पण पाणी थांबलं होतं, आणि आम्ही पुढं निघालो.

उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास चौकी दिसली. तिथला गार्ड अप्पांना ओळखत होता. लांबूनच हात जोडून उभा राहिला. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. तडक ओढ्यात उतरले, झिऱ्याच्या कडेला गुडघे टेकले आणि वाकून आत बघितलं. वाळूच्या तळाशी वाटीभर पाणी होतं, स्वच्छ, हळूहळू वर येणारं. "हाय," ते म्हणाले. "जिता हाय." एवढा आनंद मी मोठ्या माणसाच्या तोंडावर क्वचितच पाहिलाय. गार्डनं वाटी-वाटीनं तांब्या भरला. झिऱ्याचं पाणी आधी लिंगाला आणि मग आपल्याला, अशी त्यांची तिथली रीत. डावा हात पुढं करून त्यांनी उजवा हात छातीशी नेला, आणि तो तिथंच राहिला.

सदरा चाचपला. बंडी काढून झटकली. धोतराचा सोगा, रुमाल, पिशवी, सगळं उलटं केलं. गळ्यात झिजून तुटलेल्या शिवदाऱ्याचा तुकडा लोंबत होता. चांदीची डबी नव्हती, लिंग नव्हतं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला, आणि पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसले.

गार्ड आणि मी आल्या वाटेनं परत शोधायला निघालो. अंगठ्याएवढी वस्तू, आणि सगळीकडं ती पानं. काठीनं पानं सारत, वाकून, रांगत आम्ही त्या मोठ्या सागापर्यंत गेलो, त्याच्याभोवती माती चाळावी तशी पानं चाळली. गार्ड म्हणाला, "साहेब, हे तर गंजीत सुई शोधून राहिलो आपण." माझ्या डोळ्यांत घाम आणि डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तेव्हा आम्ही परत फिरलो.

अप्पा तसेच बसले होते. तांब्या तसाच भरलेला. ओठ पांढरे पडले होते आणि श्वास तोंडानं चालला होता. मी पाण्याचं विचारलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. लातूरला गेलो की मठात नवं लिंग बांधून घेईन, तोवर पाणी नाही, असं म्हणाले. लिंग हरवलेल्या माणसानं अन्नपाणी घ्यायचं नसतं, त्यांच्या बापजाद्यांपासून कुणी घेतलं नव्हतं. ते हे रडून-भेकून सांगत असते तर मी काहीतरी केलं असतं. ते व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं सांगत होते.

मी मनात हिशेब केला. उन्हं उतरल्यावर निघालो तरी रस्त्याला लागेपर्यंत अंधार होणार, एस.टी. सकाळी, लातूर उद्या संध्याकाळी. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, अव्वाचं घेतलं, तिनं मला काय सांगितलंय तेही सांगितलं. अव्वाच्या नावासरशी त्यांनी डोळे मिटले, पण उत्तर तेच. मग मी ओरडलो. ज्या माणसाला एवढा मान द्यायचा त्याच्यावर ओरडलो. हे वेड आहे, मूर्खपणा आहे, म्हणालो.

"अय्या," ते म्हणाले, जीभ जड झाली होती, "लिंगाला दिल्याबिगर पाणी मी कुणाच्या नावानं पिऊ?"

गार्ड मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, म्हातारा कलून राहिला. माझ्या चौकीत काही झालं तर मी काय सांगू? तुम्ही त्यांचे महाराज ना? ते तर तुमच्या पाया पडतेत. मग तुम्ही कामून नुसते बघून राहिले?"

त्याला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपला घाबरून बोलला. पण मला आजोबा आठवले. गावात कुणाच्या घरी गेले की पाटावर बसायचे, घरचा माणूस त्यांचे पाय धुवायचा आणि ते पाणी सगळे तीर्थ म्हणून घ्यायचे. पादोदक. मला लहानपणी त्याची शिसारी यायची, आणि मोठा झाल्यावर लाज. माझ्या पायाचं पाणी कधी कुणी पिणार नाही, हे मी कॉलेजात असताना मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि बूट काढले. मोजे काढले. पाय सुजलेले, धुळीनं काळे, टाचेला फोड. गार्डला म्हणालो, परात आण.

अप्पांनी डोळे उघडले. परात बघितली, माझे पाय बघितले, आणि त्यांना सगळं कळलं.

"चालतं लिंग इथं बसलंय, अप्पा," मी म्हणालो. "तुमचंच म्हणणं आहे हे. याला पाणी घाला आणि प्या."

मला वाटलं, झालं, आता उठतील. पण त्यांनी मान हलवली. "तुम्ही हे मानत न्हाईत," ते म्हणाले. "मला ठावं हाय. माझ्या जिवासाठी नाटक करू नका. नाटकाचं तीर्थ होत न्हाई."

इतके दिवस ते गप्प राहिले होते आणि बोलले ते नेमकं तेव्हा. खोटं बोलणं सोपं होतं. मानतो म्हणालो असतो तर कदाचित चाललंही असतं. पण त्या माणसासमोर मला ते जमेना.

"नाही मानत," मी म्हणालो. "देवाचं मला काही सांगता येत नाही. पण तुम्ही मानता. आणि तुम्ही मेलेलं मला चालणार नाही, हे मात्र नाटक नाही. माझ्याकडं द्यायला एवढंच खरं आहे. चालत असेल तर घ्या."

गार्ड परात घेऊन तसाच उभा होता.

अप्पा भिंतीला धरून उठले. दोन पावलं टाकायला त्यांना किती वेळ लागला असेल. माझ्यापुढं बसले, परात ओढून घेतली, आणि मी स्वतः धुतो म्हणालो तर माझा हात बाजूला केला. आधी छागलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यानं नुसती धूळ काढली, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांतून, सावकाश. ते पाणी त्यांनी अंगणातल्या झुडपाला टाकायला लावलं. गार्ड हळहळत झिऱ्याकडं पळाला आणि दुसऱ्या भांड्यात पुन्हा वाटी-वाटीनं पाणी भरून आणलं. मग त्यांनी परात पुसली, माझ्या अंगठ्यांवर पाण्याची धार धरली, तोंडानं नमः शिवाय चालू. मला हलायची भीती वाटत होती. आयुष्यात कधी नव्हे ते मी माझ्या गळ्यातलं लिंग सदऱ्यावरून घट्ट धरलं होतं. का, ते आजही सांगता येणार नाही.

त्यांनी ओंजळीत तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायले. पुन्हा घेतलं, पुन्हा प्यायले. घसा हलताना दिसला. तिसऱ्यांदा घेतलं आणि ओला हात रुमालावरून फिरवला.

मग ते पायरीला टेकले, जरा दम खाल्ला, आणि इतका वेळ भरून ठेवलेल्या तांब्याकडं बोट केलं.

"हे तीर्थ झालं, अय्या," ते म्हणाले. "आता पाणी द्या. लई तहान लागली."

मी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला, निम्मं पाणी छातीवर सांडलं तरी थांबले नाहीत, आणि रिकामा तांब्या पुन्हा माझ्याकडं धरला. गार्ड हसत होता, मी रडत होतो. मी अनवाणीच ओढ्याकडं धावलो.